दुसरी आवृत्ती थांबवली आहे

४ फेब्रुवारी

दादा,

फोन उचलायचा नाही असं तू ठरवलंयस, म्हणून हे पत्र. पत्र उचलावं लागत नाही, दाराखालून सरकून आत येतं. पत्ता तुझ्या गोदामातल्या साहेबांनी दिला. त्यांच्यावर चिडू नकोस. त्यांना म्हणे माझ्या आवाजावरूनच कळलं की ही त्याची बहीण.

कामाचं सांगते आणि संपवते. आपला सॅक्सोफोनवाला जिवंत आहे.

तोच. ज्याच्या एकुलत्या एका रेकॉर्डची नवी आवृत्ती आपण काढली आणि ज्याच्या अकाली मृत्यूवर तू सोबतच्या पुस्तिकेत पानंच्या पानं लिहिलीस. तो धडधाकट आहे आणि पेपर वाचतो.

काल दुकानाचं शटर अर्धं वर केलं होतं, तेवढ्यात फोन वाजला. एक बाई होत्या. "कव्हरवर टोपीवाला माणूस आहे, ती रेकॉर्ड तुम्हीच काढलीत ना?" मी नेहमीसारखं म्हटलं, पहिली आवृत्ती संपली, दुसरी छापायला गेलीय, नाव लिहून ठेवू का? तर म्हणाल्या, "नाव नको. ते माझे बाबा आहेत. आत्ता माझ्यासमोर बसलेत. तुमच्या पुस्तिकेत ते वारलेत."

मी विचारलं, "नक्की का?" काय प्रश्न होता! त्या म्हणाल्या, "थांबा, विचारते." आणि खरंच विचारलं. मागून एक घोगरा आवाज आला, "कोण वारलं?"

आपण कुठे फसलो ते माझ्या लगेच लक्षात आलं. त्यांच्याबरोबर बास वाजवणारे ते म्हातारे आठवतात? वृद्धाश्रमाच्या बागेत, मांडीवर शाल घेऊन बसलेले? आपण सॅक्सवाल्याचं विचारलं, तर म्हणाले, "तो गेला हो. केव्हाच गेला." आपण दोघांनी माना खाली घातल्या. तू तर त्यांचा हात हातात घेतलास. ते बिचारे एवढंच सांगत होते, की तो गाव सोडून गेला. कुठे, कधी, कशाने, एक प्रश्न आपल्या तोंडून फुटला नाही. रेकॉर्डवर खरवडलेल्या नंबरावरून कारखाना शोधून काढणारे आपण! पण त्या वर्षी घरात जे चाललं होतं, त्यात ‘गेला’ शब्दाचा दुसरा अर्थ कोणाला सुचणार होता?

कारखान्याला कळवून दुसरी आवृत्ती थांबवली आहे. लेख तुझा आहे, मी त्याला हात लावणार नाही. दुरुस्त करून पाठव. लवकर.

तब्येत बरी असेल.

— धाकटी

१३ फेब्रुवारी

दादा,

तुझं उत्तर नाही. पोस्टमन मला बघून आता लांबूनच मान हलवतो.

मला स्वस्थ बसवत नाहीये. वादकांच्या नावावरून लावलेली कपाटं काढून परत सालावार लावली. मग वाटलं, आता काहीच सापडणार नाही, म्हणून पुन्हा होती तशी लावली. गिऱ्हाईक उंबऱ्यात उभं, आणि मी शिडीवर.

रविवारच्या मंडळींना बातमी दिली. मला वाटलं, उड्या मारतील. मागच्या खोलीत सगळे ऐकायला जमले होते. तू गेल्यापासून तुझी खुर्ची कोणी घेत नाही, त्यावर सगळे कोट टाकतात. मी सांगितलं, ते जिवंत आहेत. मग आपला ‘पहिली आवृत्ती’ म्हणाला (तो अजूनही तसाच, नव्या छपाईला बोट लावत नाही, आपली तेवढी त्याने घेतली, तीही लेखासाठी), "अरेरे. मग पुस्तिकेचं काय? फार सुंदर आहे हो ती."

अरेरे म्हणाला, दादा! माणूस जगला म्हणून!

‘सुई’ तर आणखी पुढे. सुईचं वजन, सुईचा कोन याच्यापलीकडे ज्याला जग नाही, तो म्हणाला, "दुसऱ्या बाजूला सॅक्स मध्येच थांबतो आणि कितीतरी वेळ नुसता बास चालू राहतो, ते मी आजवर माणसाचा मृत्यू म्हणून ऐकत आलोय. आता ते कसं ऐकू?" यावर तासभर वाद. एक म्हणतो, त्या शांततेचा अर्थच बदलला. दुसरा म्हणतो, वाजवणारा जिवंत की मेलेला याच्याशी वाजवण्याचा संबंध काय. फ्री जॅझ ऐकणारी माणसं ही. ठरलेली चाल नको, ठेका नको, ज्याला जे सुचेल ते त्याने वाजवावं म्हणणारी. आणि वाजवणारा जिवंत निघाला की यांचा ताल चुकला. आता ते त्यांना ‘दिवंगत’ म्हणतात. "दिवंगत काय म्हणतात? दिवंगत येणार का रविवारी?"

मीही हसले. मग घरी येऊन उगाचच चिडले.

दुकानात लोक विचारतात, तुमचे दादा दिसत नाहीत? मी इतके दिवस सवयीने म्हणायचे, गेला. परवा जीभ चावली. आता म्हणते, दुसऱ्या गावी असतो, कामाला.

ऐक. लेख लांबलाय, निम्मा कर, एवढंच मी म्हटलं होतं तेव्हा. पहिली दोनच पानं वाचून म्हटलं होतं, हेही खरं. तू "बघू" म्हणालास आणि त्याच आठवड्यात सामान बांधलंस. पण लेखातला एक शब्दही मी कापला नाही. तू ठेवून गेलास तो लिफाफा मी रागाने न उघडताच छापखान्यात दिला, आणि पुस्तिका छापून आल्यावर सगळ्यांनी वाचली, मी सोडून.

मंगळवारी मी त्यांच्या घरी जाते आहे. त्यांच्या मुलीने बोलावलंय.

— धाकटी

१९ फेब्रुवारी

दादा,

जाऊन आले.

शेजारच्याच शहरात राहतात. गाडीने दुपारच्या आत पोचता येतं, आणि आपण तिकडे कधी पाहिलंही नाही. तिसरा मजला. दार मुलीने उघडलं. शाळेत पोहायला शिकवतात त्या. खांदे हे एवढे रुंद आणि केसांना कायम तलावाच्या औषधाचा वास. म्हणाल्या, "या. बाबांनी शर्ट बदललाय. म्हणजे रागावलेत."

ते खिडकीशी बसले होते. कव्हरवरचं नाक जसंच्या तसं, बाकी सगळा माणूस वाळलेला. इथे आल्यावर पाणीपुरवठ्याच्या पंपघरात नोकरी केली, निवृत्त होईपर्यंत. कानाने थोडे कमी, म्हणून जोरात बोलतात. मी माफी मागितली. दोनदा. त्यांनी पुस्तिका हातात घेतली, कव्हरचा फोटो लांब धरून बघितला. "कोणी मारलं मला?"

"माझ्या भावाने," मी म्हटलं.

"तो कुठाय?"

"दुसरीकडे असतो."

"मला मारून पळाला होय?" आणि हसले. दात सगळे स्वतःचे आहेत, दादा. तुझ्या दिवंगतांचे.

मी रेकॉर्ड आणि आपला तो छोटा प्लेअर घेऊन गेले होते. लावू का म्हटलं, तर हात असा आडवा केला, की पुढे बोलायची सोयच नाही. मग मी मंडळींचे प्रश्न काढले. दुसऱ्या बाजूला तुम्ही मध्येच थांबता ते का? "आठवत नाही." ठरवून होतं का? "आठवत नाही." काय आठवतं मग? बराच विचार करून म्हणाले, "हॉल थंड होता."

एवढंच. वर्षानुवर्षं आपण भांडलो त्याचं उत्तर हे. मला खरंतर बरं वाटलं. का ते सांगता येत नाही.

मी उठायच्या बेतात होते. जाता जाता विचारलं, वाजवणं सोडलंत का? ते मुलीकडे न बघता म्हणाले, "हिच्यामुळे."

त्या बशा उचलत होत्या, तशाच थांबल्या.

"ही तान्ही होती. हिची आई कामाला जायची आणि मी घरी बसून वाजवायचो. ही रडायला लागली की वाद्य खाली ठेवून ऐकत बसायचो. सूर कुठून सुटला, कुठे फाटला, दुसरा कसा फुटला. एके दिवशी हिची आई परत आली, तर ही रडून रडून निळी पडलेली, आणि मी शेजारी बसून ते वाजवता कसं येईल त्याचा विचार करतोय. पोराला उचलून घ्यायचं असतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. दुसऱ्या दिवशी वाद्य विकून टाकलं. गावही सोडलं. तिथे राहिलो असतो तर परत घेतलं असतं."

मला वाटलं, आता मुलगी रडेल, त्यांच्या गळ्यात पडेल. तिने बशा आपटल्या.

"आणि हे मला आज कळतंय? एका परक्या बाईसमोर?"

"काय सांगायचं होतं त्यात?"

"की तुम्ही कोणीतरी होतात! आणि माझ्यासाठी म्हणून सोडलंत. मला विचारलं होतं कोणी?"

"तुला बोलता कुठे येत होतं?" ते म्हणाले.

ती आत गेली आणि नळ पूर्ण सोडल्याचा आवाज आला. ते खिडकीबाहेर बघत राहिले. मी चप्पल घालून निघाले, तेव्हा मागून म्हणाले, "ती पुस्तिका असू दे इथे. भिंग आहे माझ्याकडे."

तुझं पत्र येईल, असं मी आता धरून चालत नाही. तरी लिहिते आहे. दुसरं कोणाला सांगू हे?

— धाकटी

२७ फेब्रुवारी

दादा,

तुझं कार्ड आलं. "लेख काढून टाक. सगळा." सही पण नाही. एवढ्या लांबून एवढंच पाठवलंस? मी ते गल्ल्याच्या काचेखाली ठेवलं, मग काढलं, मग परत ठेवलं. कारखाना रोज विचारतोय, छपाई कधी सुरू करायची. मी रोज म्हणते, उद्या सांगते.

नाही काढत मी लेख. का ते पुढे वाच.

शनिवारी त्या आल्या, पोहायला शिकवणाऱ्या. एकट्या. म्हणाल्या, "मला ऐकायचंय." मागच्या खोलीत बसवलं. तुझी खुर्ची, कोट काढून. पहिली बाजू लावली. पाचेक मिनिटांत कपाळाला आठ्या. "हे वाजवणं आहे की भांडण?"

मी म्हटलं, "तिघं एकाच वेळी बोलताहेत. पण एकमेकांचं ऐकताहेतही."

"आमच्या घरी नुसतं पहिलंच जमतं," त्या म्हणाल्या.

पण उठल्या नाहीत. दुसऱ्या बाजूला ती जागा आली. सॅक्स थांबतो, बास एकटा चालत राहतो, मागे कोणीतरी खोकतं. मी सांगितलं, इथे ते का थांबतात यावर लोकांनी डोकी फोडून घेतलीत. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "घरीही असेच थांबतात ते. बोलता बोलता मध्येच. समोरच्याने बोलावं म्हणून वाट बघतात. मला वाटायचं, विसरले." पदराने की रुमालाने, मी बघितलं नाही, त्यांनी नाक पुसलं. आणि परत लावा म्हणाल्या.

सोमवारी स्वतः ते आले. मुलीने गाडीतून आणलं. दुकानात चार गिऱ्हाइकं होती, आणि नेमका ‘सुई’ही. त्याने ओळखलं. तोंड उघडं टाकून उभा राहिला आणि हातातली रेकॉर्ड छातीशी धरून म्हणाला, "दिवं—" मी त्याच्या पायावर पाय दिला.

ते गल्ल्यासमोर बसले. खिशातून पुस्तिका काढली. कोपरे दुमडलेले, पेन्सिलीच्या खुणा. म्हणाले, "सगळं वाचलं. तुझा भाऊ छान लिहितो. पण यातला मी कोण?"

मी म्हटलं, म्हणजे?

"हे बघ. मी पहाटे नळ सोडून गुणगुणायचो, बाहेर कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून. मी? मी भोंगा वाजवणारा माणूस, मी कशाला लपवतोय! हे बघ. मला म्हणे खिडकी उघडी लागायची. मला वारा सहन होत नाही. आणि हे." भिंग लावून त्यांनी मोठ्याने वाचलं, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं. "‘शेवटच्या दिवसांत चालवत नव्हतं, तरी चपला पलंगाशेजारी ठेवायला सांगितल्या होत्या. निघायचं झालं तर शोधाशोध नको, म्हणून.’"

मग भिंग खाली ठेवून माझ्याकडे बघितलं.

"मी तर मेलो नाही. पण मेलंय कोणीतरी नक्की. कोण?"

दादा, त्या चपला मी नेऊन ठेवल्या होत्या. निळ्या पट्ट्याच्या. वहिनीने मला सांगितलं होतं, तुला नाही, कारण तू रागावला असतास. मला वाटत होतं, तुला माहीत नाही. तू रोज त्या चपलांकडेच बघत बसलेला असायचास की काय?

मी भर दुकानात म्हणाले, "माझी वहिनी." मागच्या हिवाळ्यापासून हा शब्द मी तोंडातून काढला नव्हता. तुझ्यासमोर तर नाहीच. तू काढायचा नाहीस म्हणून मी काढायचे नाही, आणि मी काढत नाही म्हणून तू नाही. आपण दोघं मागच्या खोलीत बसून त्या रेकॉर्डची खरखर किती ठेवायची, किती पुसायची यावर वाद घालायचो, जणू जगात दुसरं काही घडलंच नव्हतं. आणि तू तिच्यावर लिहिलेली पानं तेवढी लांब आहेत म्हणून मी बाजूला सारली.

ते बराच वेळ गप्प होते. (वाट बघत होते. आता मला कळतं.) मग मी सांगितलं. किती दिवस दवाखान्यात होती, तू कसा स्टुलावर झोपायचास, परतल्यावर घरात न जाता थेट दुकानात आलास आणि हीच रेकॉर्ड लावून बसलास. मुलगी दाराशी उभी होती. ‘सुई’ने पहिल्यांदाच काही न बोलता कोणाला तरी खुर्ची दिली.

त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं आणि तुझा लेख वाचला. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. त्यात कापण्यासारखं काहीही नाही.

— धाकटी

६ मार्च

दादा,

सकाळी दुकानातूनच घाईत लिहिते आहे. अक्षर सांभाळून घे.

काल मी त्यांना तुझं कार्ड दाखवलं. चष्मा वर करून वाचलं आणि म्हणाले, "सगळा कशाला? माझं तेवढं काढ, तिचं ठेव." मी म्हटलं, मला कसं कळणार कुठलं कोणाचं? पहाटेचा नळ मला माहीत नव्हता. खिडकीचंही नाही. अजून काय काय असेल, जे फक्त तुलाच ठाऊक. तर म्हणाले, "बरोबर. हे काम त्यालाच करावं लागेल. चला मग."

मुलगी म्हणाली, "कुठे चला? बाबा, सहा तासांचा रस्ता आहे."

"मला ज्याने मारलं त्याला बघायचंय."

"ते बोलवत नाहीयेत तुम्हाला!"

"बोलावलं असतं तर गेलोच नसतो."

भांडले दोघं. अगदी मनापासून. त्या दिवसापासून ते दोघं रोज भांडतात म्हणे, आणि ती सांगत होती, आधी इतकी वर्षं नुसतं ‘जेवलात का’ आणि ‘औषध घेतलं का’ एवढंच बोलणं व्हायचं. शेवटी तिने शाळेतून रजा काढली. आत्ता गाडी दुकानासमोर उभी आहे आणि मी हे त्यांच्याच हाती देते आहे.

म्हणून नीट वाच. संध्याकाळपर्यंत ते तुझ्या दारात असतील. जिना असेल तर हळू चढव. खुर्ची टेकायची दे, स्टूल नको. वाऱ्यात बसवू नकोस. उजव्या बाजूने बोल, डावा कान गेलाय. रेकॉर्ड लावू का असं विचारू नकोस. त्यांनी ती अजून ऐकलेली नाही आणि ऐकायचीही नाही म्हणतात. तेवढं त्यांचं त्यांच्याकडे राहू दे. ते बोलता बोलता थांबले तर घाबरू नकोस आणि पाणीही आणायला धावू नकोस. तू बोल. वहिनी गाणं कुठलं गुणगुणायची ते सांग. मलाही माहीत नाही ते.

छपाईचं ओझं घेऊ नकोस. कारखान्याला मी सांगितलंय, लेखक दुरुस्ती करताहेत, वेळ लागेल. ‘पहिली आवृत्ती’ला सांगितलं, तर म्हणाला, लागू दे, मी थांबेन. नव्या छपाईसाठी थांबणार म्हणतोय, बघ.

मुलगी हॉर्न वाजवतेय. बाहेर जाऊन आले. विचारते आहे, मागच्या सीटवर जागा आहे, तुम्ही इथे एकट्या काय करणार? मी म्हटलं, दुकान आहे. तर ते पुढच्या काचेतून ओरडले, "दुकान पळून जातंय का?"

मी म्हटलं, त्याने मला बोलावलेलं नाही.

मग माझं मलाच हसू आलं.

दादा, शटर ओढून घेतलं. बाकीचं गाडीत लिहिते आहे, म्हणून ही ओळ अशी वाकडी. आता हे पत्र कोणाच्या हाती द्यायचं कारण उरलं नाही, तरी तुला देईन, खुर्चीचं आणि कानाचं लिहिलंय त्यात. दार उघडलंस की आधी त्यांना आत घे. मी गाडीतून सामान काढून येतेच.